पल्स्ड लेझरचं कंट्रोल एकाच पीसीवर ठेवावं का? (सोलापूर, एनडी-याग, ७८६ ज्यूलची कपॅसिटर बँक)

लेझर_लॅब_सोलापूर

नमस्कार. सोलापुरात अभियांत्रिकी कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी फ्लॅशलॅम्पवर (क्षणभर झगझगीत पेटणारा दिवा) चालणारा एनडी-याग लेझर (निओडिमियम मिसळलेल्या याग स्फटिकाच्या रॉडचा) उभा करतोय. एक ऑसिलेटर (मूळ पल्स तयार करणारा भाग), पुढे तो पल्स मोठा करणारे १२ मिमी रॉडचे दोन ॲम्प्लिफायर. अपेक्षा १०६४ नॅनोमीटरला २ ज्यूल, पल्स १० नॅनोसेकंद, दर १० सेकंदांना एक शॉट.

कपॅसिटर असे: ऑसिलेटरला ५० मायक्रोफॅरड, १२०० व्होल्ट. ॲम्प्लिफायरला एकूण चार दिवे आणि प्रत्येकाला स्वतंत्र ६० मायक्रोफॅरड, २५०० व्होल्ट. म्हणजे ३६ अधिक ४ × १८७.५, एकूण ७८६ ज्यूल.

सध्याचा आराखडा: एक विंडोज पीसी, लॅबव्ह्यू (मोजमाप-नियंत्रणाचं सॉफ्टवेअर) आणि एक यूएसबी डॅक कार्ड (पीसीत सिग्नल आणणारं-नेणारं). चार्जिंग, दिव्यांचे ट्रिगर, पॉकेल्स सेलचा (रॉडमधली ऊर्जा एकदम सोडणारं विजेवरचं प्रकाशाचं दार) ट्रिगर, दाराचा स्विच, पाण्याचा फ्लो, सगळं त्या एका कार्डावर. एका ॲम्प्लिफायरवर चाचणी घेतली तर शॉट सुटताच यूएसबी कार्ड गायब होतं, केबल काढून परत लावावी लागते.

विचारायचं असं, की हा आराखडा सुधारून चालेल की मुळातूनच बदलावा? मोठ्या लेझर केंद्रांमध्ये कामाची वाटणी कशी असते आणि त्यातलं आमच्या आकाराला काय लागू पडतं?

कंट्रोल_फीडबॅक

मुळातूनच बदला. यूएसबी तुटते हा तुमचा लहान प्रश्न आहे. दाराचा स्विच त्याच कार्डावर आहे, हा मोठा. कार्ड गायब झालं त्या क्षणी बँक भरलेली असेल तर दार उघडलं हे कुणालाच कळत नाही, आणि चार्जरला थांबवणाराही कुणी उरत नाही.

काम तीन भागांत तोडा आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नका. पहिला भाग माणसाच्या सुरक्षेचा, तो तारांनी आणि रिलेंनी बांधायचा. दुसरा वेळेचा, त्यासाठी स्वतंत्र हार्डवेअर. तिसरा देखरेखीचा आणि नोंदीचा, तो पीसीचा. पीसीने फक्त विनंती करायची. परवानगी द्यायची की नाही हे पहिला भाग ठरवतो.

अमेरिकेतल्या लिव्हरमोरच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत १९२ किरणशलाका आणि ७,६८० फ्लॅशलॅम्प आहेत. तिथल्या संगणकीय नियंत्रण व्यवस्थेत सुमारे ६०,००० कंट्रोल पॉइंट आहेत. इतकं सॉफ्टवेअर असूनही माणसाच्या सुरक्षेची इंटरलॉक यंत्रणा त्या सॉफ्टवेअरपासून वेगळीच ठेवली आहे. तुमच्याकडे पाच कपॅसिटर असले तरी नियम तोच. २५०० व्होल्टला भरलेला एक कपॅसिटरही जीव घ्यायला पुरेसा आहे.

सुरक्षेची साखळी अशी बांधा. २४ व्होल्ट डीसी. दोन इमर्जन्सी स्टॉप, दाराला दोन-चॅनल स्विच, किल्लीचा स्विच, हे सगळे नॉर्मली क्लोज (एरवी जुळलेले) संपर्क सेफ्टी रिलेला जोडा. रीसेट हाताने, आणि त्याचं बटण असं ठेवा की ते दाबणाऱ्याला पूर्ण खोली दिसेल. सेफ्टी रिले पडला (त्याची वीज सुटली) की तीन गोष्टी एकदम व्हायला हव्यात: चार्जरच्या मेन्सचा काँटॅक्टर (विजेवर चालणारा मोठा स्विच) सुटणं, डंप रिलेचे (कपॅसिटर रिकामा करणारा रिले) संपर्क जुळून कपॅसिटर रिकामे होणं, आणि शटर स्वतःच्या वजनाने खाली पडणं. स्प्रिंगपेक्षा वजनावर पडणारं शटर मला जास्त भरवशाचं वाटतं. उघडं आणि बंद, दोन्ही टोकांना लिमिट स्विच लावा.

डंप रिले कॉइलला वीज नसताना संपर्क जुळलेले असणारा घ्या. वीज गेली, तार तुटली, फ्यूज उडाला, काहीही झालं तरी कपॅसिटर रिकामेच झाले पाहिजेत. प्रत्येक ६० मायक्रोफॅरडला ४७० ओहमचे दोन वायरवाउंड रेझिस्टर सिरीजमध्ये लावले तर टाइम कॉन्स्टंट साधारण ५६ मिलिसेकंद येतो. २५०० वरून ५० व्होल्टवर यायला पाव सेकंदही लागत नाही. सुरुवातीची शक्ती साडेसहा किलोवॅटच्या वर जाते, म्हणून इथे कार्बन फिल्म नको. १०० वॅटचे वायरवाउंड १८७ ज्यूल सहज पचवतात.

डंप रिलेशिवाय प्रत्येक कपॅसिटरवर कायमचा ब्लीडरही (चार्ज हळूहळू काढणारा रेझिस्टर) हवा. १ मेगओहम एकाच रेझिस्टरमध्ये घेऊ नका. साध्या रेझिस्टरची व्होल्टेज मर्यादा काहीशे व्होल्टचीच असते आणि तो वॅट न ओलांडताही फुटतो. १०० किलोओहम, २ वॅटचे दहा सिरीजमध्ये जोडा. प्रत्येकावर २५० व्होल्ट आणि ०.६३ वॅट येतात. डंप रिलेचे संपर्क उघडेच अडकले तरी चार मिनिटांत व्होल्टेज ५० च्या आत येतं.

आणि कपॅसिटर रिकामा करून सोडून दिला की डायइलेक्ट्रिकमध्ये राहिलेल्या चार्जमुळे त्यावर व्होल्टेज परत चढतं. म्हणून काम चालू असेपर्यंत अर्थिंग रॉड टर्मिनलवर लटकलेलाच राहिला पाहिजे. नुसता टेकवून काढून घेणं पुरत नाही.

पॅनल_चिंचोळी

वरच्या सरांच्या साखळीशी सहमत. सोलापुरात हे पॅनल बांधून घेणं अवघड नाही. साखर कारखाने आणि सायझिंग मशीनची पॅनलं करणारे लोक अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीत आहेत, त्यांना सेफ्टी रिले आणि काँटॅक्टरचं फीडबॅक वायरिंग नीट येतं. फक्त हाय व्होल्टेजची बाजू त्यांच्या पॅनलमध्ये आणू नका. वेगळी, बंद, अर्थ केलेली पेटी ठेवा.

काँटॅक्टर एक नको, दोन सिरीजमध्ये घ्या. दोघांचे मिरर संपर्क (मुख्य संपर्क जुळलेला असताना उघडाच राहणारा जोडसंपर्क) सेफ्टी रिलेच्या रीसेट लूपमध्ये टाका. एकाचे संपर्क वेल्ड झाले तर पुढचा रीसेट होणारच नाही, दोष तिथेच सापडेल.

यूपीएस कशावर ठेवायचा हे आधी ठरवा. पीसी, नेटवर्क स्विच आणि मोजमापाचं २४ व्होल्ट यूपीएसवर. चार्जर आणि डंप रिलेची कॉइल मेन्सवर. महावितरणची वीज गेली की चार्जर मरेल, डंप पडेल, पीसी जिवंत राहून शेवटची नोंद करेल. यंत्रमागांच्या भागातून येणाऱ्या फीडरवर व्होल्टेज क्षणभर खाली बसतं, तेवढ्यानेही डंप रिले पडून शॉट रद्द होईल. होऊ द्या. त्यासाठी कॉइलला कपॅसिटर लावून रिले धरून ठेवायचा जुगाड करू नका.

पाण्याबद्दल. टँकरचं आणि बोअरचं तर नाहीच, आरओचंही चालणार नाही. फ्लॅशलॅम्पच्या टर्मिनलभोवती पाणी फिरतं, म्हणून वाहकता १ ते ५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर ठेवा. लूपमध्ये डीआयोनायझर काडतूस आणि वाहकता सेन्सर लावा. फिटिंग स्टेनलेस किंवा प्लास्टिक, पितळ नको. फ्लो स्विच परतीच्या लाइनवर बसवा. जाणाऱ्या लाइनवर बसवला तर पुढे पाइप निसटून पाणी जमिनीवर वाहत असतानाही तो फ्लो ठीक दाखवतो.

लेझर_लॅब_सोलापूर

दोघांचेही आभार. दोन शंका आहेत. पॅनल करणारे म्हणतात, पीएलसी (कारखान्यात वापरतात तो प्रोग्रॅम करता येणारा कंट्रोलर) घ्या आणि ट्रिगरसुद्धा त्यावरच टाका. ते जमेल का? आणि पाण्याचा फ्लो तुटला तर सेफ्टी साखळी पडून डंप व्हावा की नुसतं चार्जिंग थांबावं?

पॉकेल्स_विलंब

ट्रिगर पीएलसीवर नको. पीएलसीचा स्कॅन मिलिसेकंदांत चालतो, विंडोजचाही भरवसा तितकाच. इथे हिशेब मायक्रोसेकंदांचा आहे. एनडी-यागच्या वरच्या पातळीचं आयुष्य (रॉडमध्ये भरलेली ऊर्जा टिकण्याचा वेळ) साधारण २३० मायक्रोसेकंद. पॉकेल्स सेल एक मिलिसेकंद उशिरा उघडला तर भरलेली ऊर्जा बहुतेक संपलेली असते.

सुरुवातीला असे आकडे धरा: ॲम्प्लिफायरचे चारही दिवे शून्यावर, ऑसिलेटरचा दिवा ८० मायक्रोसेकंदांना, पॉकेल्स सेल २६० ला. मग फोटोडायोड आणि एनर्जी मीटर बघत पॉकेल्सचा विलंब ५-५ मायक्रोसेकंदांनी सरकवा. शिखराजवळ आलेख सपाट असतो, दहा-वीस मायक्रोसेकंदांनी फारसं बिघडत नाही. म्हणून दिव्यांसाठी महागडं उपकरण लागत नाही. एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरचा ३२ बिट टायमर ८४ मेगाहर्ट्झवर १२ नॅनोसेकंदांची पायरी देतो, तेवढं भरपूर. फक्त पल्स टायमरच्या हार्डवेअर आउटपुटमधूनच काढा. इंटरप्टमध्ये पिन वर-खाली केली तर जिटर (वेळेतली डळमळ) परत आत शिरतो.

नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत ट्रिगरची स्थिरता सुमारे ३० पिकोसेकंदांच्या आत ठेवतात, कारण तिथे १९२ शलाका एकाच लक्ष्यावर एकत्र पोचाव्या लागतात. तुमच्याकडे एकच शलाका आहे. ऑसिलोस्कोप किंवा कॅमेऱ्याला नेमकी वेळ हवी असेल तर ट्रिगर फोटोडायोडवरून घ्या, कारण पॉकेल्स उघडल्यावर पल्स उभा राहायला लागणारा वेळच शॉटगणिक थोडा बदलतो. केबलची लांबी मात्र मोजून ठेवा, साध्या कोॲक्सिअलमध्ये मीटरला ५ नॅनोसेकंद जातात.

यूएसबी का तुटते? दिवा पेटवणारा ट्रिगर २० किलोव्होल्टच्या आसपास असतो आणि मायक्रोसेकंदाच्या आत चढतो. बहुतेक गोंधळ त्याचाच. त्यामागोमाग प्रत्येक दिव्यातून ५०० ते ७०० अँपिअर जातात. ७०० अँपिअर १०० मायक्रोसेकंदांत चढले तर मायक्रोसेकंदाला ७ अँपिअर. तारेचं इंडक्टन्स मीटरला १ मायक्रोहेन्री धरलं तर परतीच्या तारेवर मीटरमागे ७ व्होल्ट उभे राहतात. चार दिव्यांची परतीची तार एकच असेल तर २८. तुमच्या डॅक कार्डाचं ग्राउंड त्याच तारेला कुठेतरी टेकलेलं असणार.

उपाय महत्त्वाच्या क्रमाने सांगतो. प्रत्येक दिव्याची जाणारी आणि येणारी तार एकमेकींना पीळ देऊन कपॅसिटरपर्यंत स्वतंत्र न्या. सगळं अर्थ एकाच बिंदूवर आणा. ट्रिगरच्या तारा काढून टाका आणि प्लास्टिक फायबर वापरा. एचएफबीआर-१५२१ आणि २५२१ ची जोडी (फायबरचा ट्रान्समीटर आणि रिसीव्हर) प्रयोगशाळेतल्या अंतराला सहज पुरते. पुण्यात तपकीर गल्लीत विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा. पीसी आणि कंट्रोल रॅक यांच्यात यूएसबी ठेवूच नका. इथरनेट घ्या आणि मध्ये दोन मीडिया कन्व्हर्टर लावून तेही फायबरवर न्या. यूएसबीवर फेराइट चढवून भागेल असं सांगणारे भेटतील. त्याने शॉटमागे तुटणारी लिंक दहा शॉटमागे तुटायला लागते, आणि असा अधूनमधून येणारा दोष शोधणं जास्त अवघड.

अजून एक, हे बरेचदा राहून जातं. ट्रिगरच्या ५ मिलिसेकंद आधी चार्जरला इनहिबिट (चार्जिंग रोखणारा सिग्नल) द्या आणि शॉटनंतर निदान १०० मिलिसेकंद तो काढू नका. चार्जर चालू राहिला तर दिव्यातला वायू आयनित अवस्थेतच राहतो, कपॅसिटर परत भरत नाही आणि दिवा तापत जातो. चार्ज व्हायला ५ सेकंद धरले तर चार बँकांना मिळून १२० मिलिअँपिअर पुरतात. त्याहून मोठा चार्जर घेऊन काही मिळत नाही.

कंट्रोल_फीडबॅक

फ्लोच्या शंकेबद्दल. दार आणि इमर्जन्सी स्टॉप माणसासाठी आहेत, फ्लो आणि तापमान यंत्रासाठी. दोन्ही एकाच साखळीत घातले तर फ्लोच्या बुडबुड्यांनी दिवसातून अनेकदा सेफ्टी रिले पडेल आणि मग कुणीतरी तो बायपास करेल. बायपासची तार दारालाही बायपास करते, धोका तिथे आहे. म्हणून फ्लो, तापमान आणि वाहकता पीएलसीत घ्या. पीएलसीचा एक रिले संपर्क चार्जरच्या एनेबल तारेत टाका. फ्लो दोन सेकंद सलग तुटला तर चार्जिंग बंद. बँक आधीच भरलेली असेल तर डंप.

पॅनल_चिंचोळी

इथे थोडा मतभेद. तापमानासाठी पीएलसी ठीक, पण फ्लोचा संपर्क चार्जरच्या एनेबल तारेत थेटही टाका. पीएलसीचं आउटपुट चिकटलं तर कोरड्या चेंबरमध्ये दिवा पेटेल. क्वार्ट्झ फुटायला एक शॉट पुरतो, आणि काचेचे तुकडे रॉडवर जातात.

कंट्रोल_फीडबॅक

मान्य. थेट संपर्क हवा, त्याला दोन सेकंदांचा ऑफ-डिले टायमर रिले लावा म्हणजे बुडबुड्यांचा त्रास टळेल.

व्होल्टेज मोजणीबद्दल राहिलं होतं. डिव्हायडर (व्होल्टेज ठरावीक प्रमाणात लहान करणारे रेझिस्टर) १० मेगओहम आणि १० किलोओहमचा करा, २५०० ला अडीच व्होल्ट येतील. १०० मेगओहमचा करू नका, धूळ आणि ओल बसली की पृष्ठभागावरची गळतीच वाचनात येते. खालचा १० किलोओहम म्हणजे २० किलोओहमचे दोन समांतर. एक तुटला तर वाचन दुप्पट दिसतं आणि चार्जर अर्ध्यातच थांबतो, म्हणजे दोष सुरक्षित बाजूला जातो. एकच रेझिस्टर असता आणि तो तुटला असता तर सगळं हाय व्होल्टेज मोजणीच्या कार्डावर आलं असतं. त्याला टीव्हीएस डायोडही (व्होल्टेजचा झटका शोषणारा) द्या. शिवाय सॉफ्टवेअरशी संबंध नसलेला एक कंपॅरेटर (व्होल्टेज मर्यादेशी ताडून बघणारं सर्किट) २६५० व्होल्टवर चार्जर तोडणारा ठेवा. ऑसिलेटरच्या १२०० व्होल्टच्या बँकेसाठी डिव्हायडर आणि कंपॅरेटर वेगळे, त्याची मर्यादा त्या बँकेनुसार.

आयओसी_लिनक्स

सॉफ्टवेअरची बाजू सांगतो. लॅबव्ह्यूने काम होत नाही असं नाही. पण लिनक्सवर एपिक्स (मोठ्या प्रयोगयंत्रांच्या नियंत्रणाचं सॉफ्टवेअर) घ्या असं मी म्हणेन. १९८० च्या दशकाच्या अखेरीस लॉस अलामॉस आणि आर्गॉन या प्रयोगशाळांनी ते सुरू केलं, आज जगभरच्या ॲक्सिलरेटरांवर चालतं आणि फुकट आहे. विद्यार्थी दर दोन वर्षांनी बदलतात अशा ठिकाणी मजकुराच्या फायलींत असलेली व्यवस्था टिकते. फरक तपासता येतो, आवृत्त्या ठेवता येतात.

एपिक्सचा प्रमाणित स्कॅन सर्वांत वेगवान ०.१ सेकंदाचा. व्होल्टेज, तापमान आणि फ्लोसाठी तो उत्तम. ट्रिगरचं काम त्याला देऊ नका, वर सांगितलेल्या टायमरला फक्त विलंबाचे आकडे पाठवायचे.

आता मुख्य धोका. उपकरणाशी संपर्क तुटला की रेकॉर्डमध्ये (एपिक्समधली एका वाचनाची जागा) शेवटचं वाचन तसंच राहतं. कार्ड मरण्याआधी शून्य व्होल्ट वाचलं असेल तर पडद्यावर शून्यच दिसत राहील आणि बँक भरलेली असेल. अशा वेळी रेकॉर्डची तीव्रता (दोषाची पातळी) ‘इनव्हॅलिड’ होते. तुमच्या क्रमाने प्रत्येक वेळी मूल्यासोबत ही तीव्रता तपासली पाहिजे. ‘इनव्हॅलिड’ म्हणजे परवानगी नाही. आणि पडद्यावरच्या आकड्यावरून कुणी पेटी उघडू नये, पेटीवर थेट डिव्हायडरला जोडलेला काट्याचा मीटर हवा.

शॉटचा क्रम स्टेट मशीन म्हणून लिहा: सुरक्षित, तपासणी, चार्ज, धरून ठेवणं, शॉट, नोंद. कुठूनही चूक आली तर ‘सुरक्षित’कडे एकच वाट. ‘तपासणी’त शटर, पाणी, दार आणि एनर्जी मीटर तयार आहे का ते बघा, मग भोंगा. ‘धरून ठेवणं’ पाच सेकंदांच्या वर नको, भरलेल्या दिव्याला आपोआप पेटायची संधी देऊ नका. तेवढ्यात पाचही बँका ठरलेल्या व्होल्टेजच्या एक टक्क्याच्या आत नसतील तर डंप. व्होल्टेज एक टक्का चुकलं तर पंपाची ऊर्जा दोन टक्के चुकते, आणि ॲम्प्लिफायरचा गेन त्याहून जास्त हलतो.

पीसीचा हार्टबीट (चालू असल्याचा ठरावीक अंतराने येणारा संकेत) एसटीएम३२ ने तपासावा, दोन सेकंद आला नाही तर चार्ज एनेबल बंद. एनेबल रिले स्थिर पातळीवर चालवू नका. १० हर्ट्झचा चौकोनी पल्स कपॅसिटरमधून देऊन डायोडने भरलेल्या सर्किटवर चालवा. प्रोसेसर अडकून पिन कायम १ वर राहिली काय किंवा ० वर राहिली काय, रिले पडलाच पाहिजे.

नेटवर्क कॉलेजच्या वायफायपासून तोडा. चॅनल ॲक्सेसचे (एपिक्सचा नेटवर्क प्रोटोकॉल) पोर्ट ५०६४ आणि ५०६५. मूळ मांडणीत कोणीही कोणत्याही रेकॉर्डवर लिहू शकतो, म्हणून ॲक्सेस सिक्युरिटीची फाइल पहिल्याच दिवशी लिहा. कॅमेऱ्याचं चित्र येत नसेल तर जुन्या आवृत्तीत ॲरेची मर्यादा १६,३८४ बाइट आहे का ते बघा. १२८० × १०२४ चं आठ-बिट चित्रच १३ लाख बाइटच्या वर जातं.

नोंद शॉट क्रमांकानुसार ठेवा: पाचही व्होल्टेज, चारही दिव्यांच्या करंटचे आलेख, पाण्याचं तापमान, ऊर्जा, किरणाचं चित्र. दिवा म्हातारा व्हायला लागला की तो बंद पडण्याच्या कितीतरी आधी करंटचा आलेख बदलायला लागतो.

पॉकेल्स_विलंब

तापमानाचा विषय निघाला म्हणून. सोलापूरच्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेत डेझर्ट कूलर लावण्याचा मोह होतो. कूलर हवेत ओल टाकतो. खोली ३० अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल तर दवबिंदू २५ च्या आसपास येतो. पाणी १८-२० वर ठेवलं तर रॉडच्या टोकांवर आणि जवळच्या आरशांवर दव धरतं, आणि त्यावर शॉट मारला की लेप जळतो. पावसाळ्यात कूलर नसतानाही हेच.

तुमचा सरासरी उष्णताभार ८० वॅटसुद्धा नाही. म्हणून पाणी गार करण्याचा हट्ट नको, २८ अंशांवर स्थिर ठेवा. खोलीत तापमान आणि आर्द्रतेचा सेन्सर लावून दवबिंदू एपिक्सच्या कॅल्क (गणित करणाऱ्या) रेकॉर्डमध्ये काढा. पाणी आणि दवबिंदू यांत दोन अंशांपेक्षा कमी फरक उरला तर चार्जची परवानगी काढून घ्या.

लेझर_लॅब_सोलापूर

पाणी २० वर ठेवायचं ठरवलं होतं, ते बदलतो. यूएसबी कार्ड काढून टाकतोय. पहिली चाचणी कुठून सुरू करावी?

कंट्रोल_फीडबॅक

हाय व्होल्टेज न जोडता. चार्जरच्या जागी एक दिवा लावा आणि प्रत्येक संपर्क एकेक करून तोडा: दोन्ही स्टॉप, दाराचे दोन्ही चॅनल वेगवेगळे, किल्ली, फ्लो, हार्टबीटची तार, २४ व्होल्टचा फ्यूज. प्रत्येक वेळी दिवा विझला का, डंप रिलेचे संपर्क जुळले का आणि पडद्यावर बरोबर कारण दिसलं का, हे कागदावर सहीसकट लिहा. मग बँक ३०० व्होल्टला, दिवे न पेटवता, फक्त डंपची चाचणी. डंपचा वेळ ऑसिलोस्कोपवर मोजा. २०० मिलिसेकंदांच्या आत दहावा भाग उरला नाही तर रेझिस्टर किंवा रिलेचा संपर्क तपासा. मग ऑसिलेटर एकटा. ॲम्प्लिफायर सगळ्यात शेवटी, एका वेळी एक दिवा, आणि तेव्हा आयओसीच्या (उपकरणांशी बोलणारा एपिक्सचा प्रोग्रॅम) लॉगमध्ये एकही लिंक तुटल्याची नोंद यायला नको. आली तर पुढचा दिवा जोडू नका.

पॅनल_चिंचोळी

ही सगळी चाचणी दर तीन महिन्यांनी परत करा, आणि पॅनलला कुणीही हात लावला की त्याच दिवशी. कागद पॅनलच्या दारात आतून चिकटवून ठेवा.